गांडूळ खताचा 12 बाय 4 चा प्लास्टिक बेड: विदर्भाच्या उन्हात कितपत टिकतो

सिमेंटचं टाकं बांधायला हाताशी पैसा नाही, किंवा वावर मक्त्याचं आहे, अशा शेतकऱ्यासाठी एचडीपीईचा (विणलेल्या जाड प्लास्टिक कापडाचा) गांडूळ बेड ही खरोखर कामाची वस्तू आहे. उचलून दुसरीकडे नेता येतो, तासाभरात उभा राहतो, टाक्यापेक्षा खर्च कितीतरी कमी. तरीही गावोगावी गोठ्यामागे रिकामे लोंबकळणारे बेड दिसतात. त्यातले बहुतेक कापडामुळे फसत नाहीत, सावली नसल्यामुळे आणि ताजं शेण भरल्यामुळे फसतात.

आधी खरेदीचं. नेहमीचं माप 12 फूट लांब, 4 फूट रुंद, 2 फूट उंच, म्हणजे 96 घनफूट. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातलं अनुदानही हेच माप आणि आयएस 15907:2010 हे मानक धरून आहे, म्हणून अनुदानात बसवायचा असेल तर मानकाचा आकडा बेडवर आणि बिलावर आहे का ते पाहून घ्या. दुकानदार '450 जीएसएम' (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन 450 ग्रॅम) म्हणतो, पण ते हाताने चाचपून कळत नाही, काट्यावर कळतं. तळ 48 चौरस फूट, चार भिंती 64, एकूण 112 चौरस फूट, म्हणजे सुमारे 10.4 चौरस मीटर कापड. 450 जीएसएमचं असेल तर नुसतं कापडच 4 किलो 700 ग्रॅमच्या जवळ भरतं. शिवण आणि खांबाचे कप्पे धरले की बेड पाच किलोच्या आसपास जायला हवा. अडीच-तीन किलोचा बेड कोणी 450 चा म्हणून देत असेल तर घेऊ नका.

दुसरी पाहायची जागा म्हणजे खांबाचे कप्पे. भरलेल्या बेडचा सगळा दाब भिंतीवर येतो, भिंत फुगते आणि कप्प्याची वरची शिवण आधी उसवते. तिथे दुहेरी शिलाई हवी. खांब दर तीन फुटांवर येतील एवढे कप्पे असलेला बेड निवडा. बांबू वापरणार असाल तर जमिनीत जाणारा दीड फूट भाग जाळून काळा करा किंवा त्याला डांबर लावा, नाहीतर उधई (वाळवी) सोडत नाही. लोखंडी पाइप परवडत असेल तर तोच घ्या.

काळ्या जमिनीवर बेड थेट मांडू नये. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खांब तिरपे होतात. सहा इंच मुरूम टाकून धुमसून घ्या आणि तोटीच्या (तळातलं जादा पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाजूला दोन-तीन इंच उतार ठेवा. तोटीच्या तोंडाशी आतून नायलॉन जाळी आणि वर दोन घमेली गिट्टी टाकली नाही, तर पहिल्याच महिन्यात ती गाळाने बुजते.

सावलीवर काटकसर करू नका. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि खतातल्या गांडुळाला 20 ते 30 अंश मानवतं, 35 च्या पुढे ते मरायला लागतं. नुसती हिरवी नेट पुरत नाही. सात-आठ फुटांवर तुराट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) किंवा पऱ्हाटीचा (कपाशीच्या काड्यांचा) मांडव, त्यावर पळसाची पानं, आणि पश्चिमेच्या बाजूला ओलं बारदान टांगलेलं हवं. भिंतीतल्या जाळीच्या खिडक्या हवेसाठी चांगल्या, पण उन्हाळ्यात गरम वारा तिथूनच आत शिरून कडा वाळवतो. पहिला बेड दिवाळीच्या सुमारास सुरू करावा, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत गांडुळं वाढलेली असतात.

भरण्याची पद्धत. तळाशी तुराट्यांचे तुकडे, भंडारा-गोंदियाकडे धानाची तणस (पेंढा), तीन-चार इंच. त्यावर साठ भाग शेण आणि चाळीस भाग सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा). पण दोन्ही थेट बेडमध्ये नाही: आधी बाहेर ढीग करून, ओलं करून, आठवड्यातून एकदा उलथवत 15 ते 20 दिवस कुजवायचं. ताज्या शेणाची आणि कुटाराची वाफ बेडमध्ये निघाली तर सोडलेली गांडुळं दोन दिवसांत संपतात. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर अजून थांबा. जनावरांना जंताचं औषध पाजलं असेल तर पुढचे दोन-तीन आठवडे त्यांचं शेण वेगळं ठेवा. पऱ्हाटी बारीक करूनच घ्या. अख्खी काडी वर्षभर कुजत नाही, आणि बोंडांत राहिलेली गुलाबी अळी बांधावरच्या ढिगातून पुढच्या कपाशीवर येते.

दीड फुटापेक्षा जास्त भरू नका. एवढ्यात साधारण 11-12 क्विंटल ओला माल बसतो. गांडुळं आयसेनिया फेटिडा जातीची घ्या, वावरातली काळी गांडुळं इथे जगत नाहीत. एका किलोत हजाराच्या आसपास येतात. बेडसोबत एक-दीड किलो 'फ्री' मिळतात, ती या मालाला अपुरी आहेत. किमान तीन किलो सोडा, तरी पहिली खेप तीन महिने घेईल. पुढच्या खेपा 60 ते 75 दिवसांत निघतात.

पाणी झारीने द्या, पाइप सोडू नका. मूठभर माल दाबला की बोटांच्या फटीत ओल चमकावी, पण थेंब पडू नये. लाल मुंग्या दिसल्या तर माल कोरडा पडला असं समजा आणि आधी पाणी द्या. मुंग्यांची पावडर मारू नका, तिने गांडुळंही जातात. गांडुळं भिंतीवर चढत असतील आणि वास येत असेल तर तळाशी पाणी साचलं आहे, तोटी मोकळी करा.

खताचा रंग चहापत्तीसारखा झाला की चार-पाच दिवस पाणी बंद करा. गांडुळं खाली जातात, वरचं खत हाताने ओढून 4 मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. टनभर खत निघतं ही जाहिरात हिशेबात बसत नाही. भरलेल्या मालाचं निम्मं, म्हणजे पाच-सहा क्विंटल निघतं. एकरी दोन टनांची शिफारस धरली तर कपाशीच्या एका एकराला तीन-चार खेपा लागतील. संत्र्याला मात्र हिशेब जुळतो: 6 बाय 6 मीटरवर एकरी 110 च्या आसपास झाडं, झाडाला पाच किलो, एका खेपेत एक एकर.

बेड रिकामा झाला की उन्हात पडू देऊ नका, धुऊन घडी करून ठेवा. फाटला तर पंक्चरचं सोल्युशन या कापडाला धरत नाही. जुन्या बेडचा तुकडा आतून लावून दाभणाने नायलॉनच्या दोऱ्याने शिवा, आणि टाके फाटलेल्या कडेपासून दोन बोटं सोडून घ्या.