वापरलेली लिंकन एमकेझेड घेताना झालेली फसवणूक

अमेरिकेतील वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात लिंकन एमकेझेड एवढी स्वस्त का मिळते, हे आधी सांगतो, कारण मला ज्या डीलरने फसवले त्याने याच स्वस्ताईचा फायदा उठवला. लिंकन ही फोर्डचीच आलिशान गाड्यांची शाखा; ही गाडी मुळात फोर्ड फ्यूजनच्या सांगाड्यावर उभी असून दोन्ही गाड्या मेक्सिकोतील एर्मोसियोच्या कारखान्यात तयार होत असत; २०२० मध्ये तिचे उत्पादन थांबले. नवी असताना लेक्सस ईएससारख्या महागड्या गाडीच्या पंक्तीला बसू पाहणारी ही सेडान आपली किंमत मात्र टिकवू शकली नाही, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी टोयोटाच्या साध्या कॅमरीच्या भावात चामड्याची आसने, शांत केबिन आणि मागे सरकणारे भलेमोठे काचेचे छप्पर पदरात पडते. माझ्या मते ही आजही चालवायला सुखद गाडी आहे. प्रश्न आहे तो तिच्या एका इंजिनाचा.

२०१७ ते २०१९ या काळातील दोन लिटरच्या टर्बो इकोबूस्ट इंजिनात सिलिंडरांच्या मधल्या भिंतीवर कूलंटसाठी, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवासाठी, खाच ठेवलेली होती. तेथे गळती रोखणाऱ्या गॅस्केटला बसायला जागा अपुरी पडते आणि कालांतराने कूलंट सिलिंडरमध्ये झिरपू लागते. बाहेर थेंबही दिसत नाही, टाकीतील पातळी मात्र उतरत जाते. थंड इंजिन सुरू करताना पांढरा धूर येतो, इंजिन काही क्षण अडखळते आणि गरम झाले की पुन्हा सुरळीत चालू लागते. फोर्डने याविषयी आपल्या कार्यशाळांना तांत्रिक सूचना पाठवल्या होत्या. दुरुस्ती म्हणजे इंजिनाचा ब्लॉकच बदलणे, आणि लिंकनची इंजिनावरील वॉरंटी ६ वर्षे किंवा ७०,००० मैल, यांपैकी जे आधी होईल तेथे संपते.

मी २०२३ च्या वसंतात न्यू जर्सीतील एका स्वतंत्र डीलरकडे जी २०१७ची एमकेझेड पाहिली, ती ७८,००० मैल चाललेली होती. जाहिरातीत ‘सर्टिफाइड’ असे ठळक लिहिले होते. कंपनीचे प्रमाणपत्र केवळ लिंकनचा अधिकृत विक्रेताच देऊ शकतो, हा तर दुकानाने स्वतःच छापलेला शिक्का होता. मी पोहोचलो तेव्हा गाडी सुरूच होती. ‘थंडी आहे, तुमच्यासाठी सीट गरम करून ठेवल्या,’ असे विक्रेता अगत्याने म्हणाला. त्या अगत्याचा खरा हेतू एवढाच होता की, थंड इंजिन सुरू होताना मला दिसू नये.

फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार विकावयाच्या प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर ‘बायर्स गाइड’ नावाचा कागद लावावा लागतो. वॉरंटी आहे की नाही, हे त्यावर लिहिलेले असते, तोंडी आश्वासनांवर विसंबू नका असे बजावलेले असते, आणि तो मजकूर कराराचा भाग ठरतो. टेस्ट ड्राइव्हसाठी तो काढण्याची मुभा आहे, पण नंतर परत लावणे बंधनकारक आहे. आमच्या गाडीचा कागद ‘टेस्ट ड्राइव्हसाठी’ निघाला तो पुन्हा काचेवर आलाच नाही.

खरी चलाखी पुढे, सह्यांच्या टेबलावर झाली. न्यू जर्सीच्या कायद्याने सात मॉडेल वर्षांपर्यंतच्या, एक लाख मैलांच्या आतील गाडीला डीलरने वॉरंटी द्यावीच लागते. ६०,००० मैलांपुढच्या गाडीला ती ३० दिवस किंवा १,००० मैल एवढी असते. मात्र ६०,००० मैलांपुढे ग्राहकाला किमतीची घासाघीस करून, स्वतंत्र लेखी सही देऊन ती सोडून देता येते. मला हा कागद नोंदणीच्या अर्जांच्या गठ्ठ्यात, ‘हा मोटर व्हेइकलचा नेहमीचा फॉर्म’ म्हणून पुढे करण्यात आला. किंमत जाहिरातीतली होती तीच राहिली. एक डॉलरही कमी झाला नाही.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी धूर दिसला. माझ्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, तेव्हा बिघाडाचा कोड एकही नव्हता, परंतु बहुतेक मॉनिटर (गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या) ‘अपूर्ण’ दाखवत होते आणि कोड पुसल्यापासून गाडी जेमतेम शंभर मैल चालल्याची नोंद होती. म्हणजे मला दाखवण्याच्या सुमारास कोणीतरी गाडीची स्मृती कोरी केली होती. डीलरचे म्हणणे, बॅटरी बदलली म्हणून तसे झाले. बॅटरीवरचा तारखेचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा होता. बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घातल्यावर एका सिलिंडरचे पिस्टन वाफेने धुतल्यासारखे स्वच्छ आढळले, आणि तेथे कूलंट जळत असल्याची ती खूण होती.

तीन दिवसांत गाडी परत करता येते, असे मला अनेकांनी सांगितले. डीलरच्या दुकानात जाऊन घेतलेल्या गाडीला असा कोणताही फेडरल अधिकार लागू नाही. ज्यांना हीच गाडी घ्यायची आहे त्यांनी हायब्रिड पाहावी. तिच्यातील दोन लिटरचे इंजिन टर्बोविरहित आणि वेगळ्या घडणीचे आहे. टर्बोच घ्यायची असेल तर इंजिन थंड असतानाच पाहणार असे आदल्या दिवशी कळवावे, बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी, वीस-तीस डॉलरचा स्कॅनर जवळ ठेवून मॉनिटर पाहावेत, आणि बाहेरच्या मेकॅनिककडे गाडी नेऊ न देणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावे. सहीसाठी येणाऱ्या प्रत्येक कागदाचे शीर्षक मोठ्याने वाचून घेण्यात संकोच करू नये.

माझ्या वकिलांनी दोन गोष्टींवर भर दिला: किंमत न उतरल्यामुळे घासाघीस झालीच नव्हती, म्हणून वॉरंटी सोडल्याची सही टिकत नाही, आणि कोड पुसणे हे दोष लपवणे आहे, ज्याला राज्याच्या ग्राहक फसवणूक कायद्यात नुकसानीच्या तिप्पट भरपाईची तरतूद आहे. दावा वीस हजार डॉलरच्या आतला असल्याने तो न्यायालयाच्या स्पेशल सिव्हिल विभागात, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या विभागात, चालला असता. नोटीस गेल्यावर डीलर तडजोडीला आला. नव्या इंजिनाच्या खर्चाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग त्याने दिला, आणि त्या बदल्यात आपल्या दुकानाचे नाव कोठेही घेऊ नये ही अट करारात घातली, म्हणून ते येथे नाही.