आधी मीठ की आधी गोळी?

हृदयविकार रोखायला जगभर दोन रस्ते धरतात. एक, अख्ख्या गावाचं खाणंपिणं बदला; दुसरा, धोक्यातली माणसं हुडकून औषध द्या.

पहिल्याचा दाखला फिनलंडमधल्या उत्तर कारेलियाचा. 1972 पासून तिथं लोणी, मीठ, सिगारेट कमी करायची मोहीम चालली. पुढच्या चार दशकांत कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. आपल्याकडं मुद्दा लोण्याचा नाही, मिठाचा आणि तंबाखूचा. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या ताटात ठेचा, पापड, लोणच्याची फोड, एवढ्यातच ते संपतं.

दुसरा रस्ता उपकेंद्रातून जातो. दंडाला पट्टा, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही बीपी 140/90 च्या वर, की गोळी सुरू. गोळी स्वस्त, गुणही लवकर. पण बीडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या सुमारास निघते ती पाच-सहा महिन्यांसाठी. आमच्या शेजारच्या मावशींनी कोयता, पातेली, ज्वारीचं पोतं सगळं ट्रॅक्टरवर चढवलं. गोळ्यांची पट्टी देवळीतच राहिली.

माझं मत ठाम आहे: मराठवाड्यात आधी गोळी, आणि टोळी निघताना पुरेसा साठा हातात. मिठाची सवय मोडायला वर्षं लागतील, ते काम अंगणवाडीपासून आत्ताच सुरू करावं.