आधी 'कॉफी' की 'फॉक्सी ब्राउन'?

टॅरँटिनोचा 'जॅकी ब्राउन' पाहून त्यातली नायिका पाम ग्रिअर आवडली आणि आता सत्तरच्या दशकातला तिचा एखादा सिनेमा पाहावासा वाटला, तर हीच दोन नावं समोर येतात. दोन्ही जॅक हिलनेच लिहिले आणि दिग्दर्शित केले. दोन्ही अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सचे. खर्च प्रत्येकी सुमारे ५ लाख डॉलर, लांबी दीड तासाच्या आसपास. सूडकथाही एकाच घाटाची: अमली पदार्थांच्या धंद्याने घरातलं माणूस गिळलं आणि बाई बंदूक घेऊन निघाली. तरी माझं उत्तर ठाम आहे. आधी 'कॉफी' पाहा.

हा सिनेमा १९७३ चा. कृष्णवर्णीय नायिकेचाच 'क्लिओपात्रा जोन्स' हा सिनेमा अमेरिकन इंटरनॅशनलच्या हातून वॉर्नर ब्रदर्सकडे गेला, तेव्हा त्याच्या आधी थिएटरात पोहोचायचं म्हणून कंपनीने 'कॉफी' घाईने उभा केला. हिल तोवर जवळपास दहा वर्षं कमी पैशांत सिनेमे काढत होता. स्वस्तातल्या सिनेमांचा निर्माता रॉजर कॉर्मन, त्याच्या तालमीत तयार झालेला माणूस. फिलिपिन्समध्ये केलेल्या तुरुंगपटासाठी त्यानेच पामला हेरलं होतं. त्यामुळे घाई आणि तुटपुंजा पैसा त्याला नवा नव्हता.

नायिकेचं आडनाव कॉफिन, सगळे म्हणतात कॉफी. ती नर्स आहे आणि तिची धाकटी बहीण हेरॉइनच्या विळख्यात सापडलेली. पहिल्याच प्रसंगात ती एका विक्रेत्याला शॉटगनने उडवते, आणि नंतर पुन्हा हॉस्पिटलात कामावर जाते. तिथे तिचं चित्त थाऱ्यावर नसतं. हे सगळं आपण स्वप्नात करतोय असं तिला वाटत राहतं. मला हा सिनेमा मोलाचा वाटतो तो इथे. मारलेल्या माणसाचं ओझं तिच्या अंगावर दिसतं. ज्या राजकारण्यावर तिचं प्रेम आहे त्याच्याशी शेवटी सामना होतो, तेव्हाही ती क्षणभर डगमगते. पुढचं सांगत नाही.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. किंग जॉर्ज हा भपकेबाज कपड्यांतला, वेश्यांचा कृष्णवर्णीय दलाल. गोरे गुंड त्याच्या गळ्यात फास अडकवतात आणि त्याला गाडीमागून फरफटत नेतात. अमेरिकेत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांना दोर लावून मारण्याचा जो इतिहास आहे, तो एक शब्दही न बोलता पडद्यावर येतो. तोवर हास्यास्पद वाटणाऱ्या त्या माणसाबद्दल पोटात कालवतं. रॉय एअर्सचं संगीत तर आजही ताजं आहे. त्यातले काही तुकडे टॅरँटिनोने 'जॅकी ब्राउन'मध्ये पुन्हा वापरले.

'फॉक्सी ब्राउन' (१९७४) खरं तर 'कॉफी'चा पुढचा भाग व्हायचा होता. कंपनीला ऐनवेळी पुढचा भाग नकोसा झाला आणि नायिकेचं नाव बदललं. फॉक्सी पोटासाठी काय करते हे सिनेमा सांगतच नाही, आणि ही पोकळी मला शेवटपर्यंत जाणवते. ती पहिल्यापासून अजिंक्य आहे. कपडे देखणे, विली हचच्या गाण्यावरची नामावली झकास, पण भीती कुठे आहे?

तरी दोन गोष्टींत हा सिनेमा सरस आहे. फॉक्सीचा भाऊ लिंक झालेला अँटोनिओ फार्गास. आपल्याला गाता येत नाही, नाचता येत नाही, प्रवचन देता येत नाही, मग माझ्यासारख्या काळ्या माणसाने मोठं व्हायचं तरी कसं, असं तो बहिणीला विचारतो, तेव्हा त्याचा राग येता येता थांबतो. दुसरी गोष्ट वस्तीतल्या तरुणांच्या समितीची. कॉफी एकटी लढते, फॉक्सी त्यांच्याकडे मदत मागायला जाते. सूडापलीकडचा हा विचार 'कॉफी'त नाही.

लैंगिक हिंसा पाहवत नसेल तर मात्र नीट विचार करा. दोन्हींत नग्नता आणि रक्तपात भरपूर आहे, पण 'फॉक्सी ब्राउन'मध्ये नायिकेला एका फार्मवर डांबून ठेवतात तो भाग फार क्रूर आहे. कृष्णवर्णीय नायक-नायिकांच्या अशा स्वस्त, भडक सिनेमांना 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' म्हणतात; हा शब्द १९७२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ज्युनियस ग्रिफिनने टीका म्हणूनच वापरला होता. तो भाग पाहताना ती टीका मला पटते. तेवढं सोसणार नसाल, तर 'कॉफी'वर थांबा. सोसणार असाल, तर काही दिवसांनी लिंकसाठी 'फॉक्सी ब्राउन' जरूर पाहा.