शेजाऱ्याचा जाच: एनसी, चॅप्टर केस की दिवाणी दावा?

सेलूला माझ्या मावशीच्या दारात शेजारच्या मोरीचं पाणी दोन वर्षं साचत होतं. बोलायला गेलं की शिवीगाळ. ती तीनदा ठाण्यात गेली, तिन्ही वेळा एनसीचा कागद घेऊन परतली आणि ते कागद देव्हाऱ्यात ठेवून पोलिसांची वाट बघत बसली. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासच करता येत नाही. हे तिला कुणी सांगितलं नाही, याचा मला अजून राग येतो.

तरी शिवीगाळ, साधी मारहाण झाली तर एनसी कराच. तिच्याच जोरावर पुढे चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणारी कारवाई, मागता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 107) कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे तालुक्याला बहुधा तहसीलदार, शेजाऱ्याकडून जास्तीत जास्त एक वर्ष शांतता राखण्याचं बंधपत्र घेऊ शकतात. रोजच्या धमक्यांना मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण खर्च कमी आणि धाक लवकर बसतो. मात्र ‘भांडण दोघांचं’ असा अहवाल गेला तर बंधपत्र तुमच्याकडूनही मागतात. म्हणून उलट शिवी देऊ नका.

घरात घुसले, हत्यारानं मारलं, बाईच्या अंगाला हात घातला, तर एनसीवर समाधान मानू नका, एफआयआरच मागा. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

पाणी, भिंत, हद्द यांचा निकाल पोलीस लावत नाहीत. त्यासाठी दिवाणी दावा. अंतिम निकालाला वर्षं जातात, पण तात्पुरता मनाई हुकूम त्याआधी मिळू शकतो आणि तो मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हद्दीचा वाद असेल तर आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. शेताची वाट अडवली असेल तर दिवाणीत न जाता मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जा.

भांडणं समजुतीनं मिटवणारी गावातली तंटामुक्ती समिती, ती मोहीम 2007 ला सुरू झाली तेव्हापासून आहे. समोरचा चार माणसांचं ऐकणारा असेल तरच तिचा उपयोग. लोकअदालतीत मात्र तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकी पक्की असते, तिच्यावर अपील नाही.

वकिलाच्या फीला घाबरून मावशी थांबली होती. बाईला उत्पन्नाची अट न लावता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. तो मिळाल्यावर तिनं दावा लावला, पाण्याचे तारखेसह फोटो आणि देव्हाऱ्यातले तिन्ही कागद जोडले. तात्पुरती मनाई मिळाली, मोरीचा पाइप गटारीकडे वळला. शिव्या थांबल्या नाहीत. त्यासाठी आता तिनं तहसीलला अर्ज दिलाय.