सोनी रॉलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलोसस', जॅझ डोक्यावरून जातं म्हणणाऱ्यांनी तर ऐकाच

जॅझ ऐकायचंय पण सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून हाच अल्बम सांगतो. २२ जून १९५६, न्यू जर्सीतलं हॅकेनसॅक, रेकॉर्डिंग इंजिनियर रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, म्हणजे त्याच्या आईवडिलांच्या घरातला हॉलच, आणि वाजवणारे चौघंच. टेनर सॅक्सवर (मध्यम-खर्जातला सॅक्सोफोन) रॉलिन्स (वय फक्त २५!), पियानो टॉमी फ्लॅनगन, बेस डग वॉटकिन्स, ड्रम्स मॅक्स रोच. पाच ट्रॅक, साधारण ४० मिनिटं, सगळं एका दिवसात.

पहिला 'सेंट थॉमस'. आधी नुसते रोचचे ड्रम्स आणि मग सॅक्सवर ती कॅलिप्सोची, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या नाचऱ्या गाण्यांची चाल, रॉलिन्सचे आईवडील तिथल्याच व्हर्जिन आयलंड्सकडचे, त्यामुळे त्याच्या घरातलीच. सोलोला, म्हणजे त्याच्या एकट्याच्या वादनाला, तो फक्त दोन सूर घेतो आणि तेच कधी मात्रेच्या आधी कधी नंतर टाकत राहतो, ऐकताना चेहऱ्यावर हसू येतंच.

पण माझा जीव 'ब्लू सेव्हन'मध्ये. साधा ब्लूज, ११ मिनिटांचा. एकटा बेस चालत असतो, मग रॉलिन्स एक छोटी तुटक ओळ टाकतो आणि पुढे तिचेच तुकडे उचलून वाढवत नेतो, ख्यालातली बढत ऐकायची सवय असेल ना तर हे लगेच पकडाल. मधेच थांबतो, जागा मोकळी सोडतो, भरायची घाई नाही. रोचचा सोलोपण तसाच, तबल्यावर तीन-तीनचे बोल घेऊन कायदा फुलवावा तसा.

खटकतं ते पियानोचं रेकॉर्डिंग. फ्लॅनगन इतकं नाजूक वाजवतो आणि आवाज जरा कोंडल्यासारखा येतो. आणि मोबाईलच्या स्पीकरवर नका ऐकू, बेस गायबच होतो, हेडफोन लावा. एलपी (तबकडी) ऑनलाइन मागवलीत तर आल्याआल्या लावून बघा, माझी पहिली वाकडी निघाली, बदलून घेण्यात तीन आठवडे गेले.

हे रेकॉर्डिंग झालं आणि चारच दिवसांनी रॉलिन्स-रोचच्या बँडमधले ट्रम्पेटवाला क्लिफर्ड ब्राउन आणि पियानोवाला रिची पॉवेल कार अपघातात गेले. हे कळल्यापासून 'सेंट थॉमस'मधला तो आनंद ऐकताना घशात काहीतरी अडकतं.

हाच रॉलिन्स पुढे पवईच्या आश्रमात राहून गेलाय आणि १९७८ च्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत वाजवलंयसुद्धा. तेव्हा तिथे असलेलं कोणी हे वाचत असेल तर प्लीज लिहा, मला सगळं ऐकायचंय.