टायर बदलल्यावर सैल झालेलं स्टिअरिंग: नेक्सॉन ईव्हीचा आठ महिन्यांचा अनुभव

माझी नेक्सॉन ईव्ही (टाटाची विजेवर चालणारी गाडी) ४१,००० किलोमीटर चालल्यावर तिचे चारही टायर बदलले. साइज कंपनीचीच, २१५/६० आर १६. त्याच दुकानात अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगही करून घेतलं. आता आठ महिने झाले. टायरबद्दल सांगायचंच आहे, पण आधी स्टिअरिंगबद्दल, कारण पहिले तीन आठवडे मी फार धास्तावून गाडी चालवली.

दुकानातून घरी येतानाच जाणवलं. स्टिअरिंग मधोमध असताना दोन्ही बाजूंना बोटभर फिरवलं तरी गाडीला पत्ताच नाही. शहरात चालून गेलं. रविवारी साताऱ्याहून पुण्याला निघाले आणि खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या त्या एस वळणावर हातांना घाम फुटला. ॲक्सिलरेटर सोडला की रीजनमुळे, म्हणजे मोटर उलट वीज बनवत गाडीचा वेग कमी करते त्यामुळे, पुढची चाकं आपोआप गाडी धरून ठेवतात. नेमक्या त्या क्षणी गाडी किंचित डावीकडे सरकायची आणि पायाखालून बारीक ‘टक्’ असा आवाज यायचा. इंजिनाची घरघर नसल्यामुळेच तो ऐकू आला.

दुकानात परत गेले तर उत्तर मिळालं, “ताई, नवीन टायर आहेत, पाचशे-हजार किलोमीटरमध्ये बसतील.” यात तथ्य नाही असं नाही. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो, नक्षी खोल असते, रबराचे ठोकळे थोडे डुलतात. झिजलेल्या टायरवरून नव्यावर आलं की स्टिअरिंग थोडं मऊ लागतंच. पण त्याने आवाज येत नाही.

मग घरीच एकेक गोष्ट तपासायला घेतली. सकाळी गाडी थंड असताना हवा मोजली, तर दाराजवळच्या स्टिकरवर लिहिल्यापेक्षा तब्बल ९ पीएसआय जास्त! हवा जास्त असली की टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि स्टिअरिंग हलकं, तरंगल्यासारखं लागतं. हवा बरोबर केल्यावर निम्मा फरक पडला. त्यानंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासून घेतले. टायर काढून बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने हे करायलाच हवं. सैल नटांनी चाक निखळू शकतं. माझे नट घट्ट होते.

जवळच्या एका गॅरेजात “पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कमी असेल” असं ऐकलं आणि मी तिथून निघालेच. या गाडीत ते ऑइलच नाही. इंजिन नाही, त्यावर चालणारा पंप नाही. स्टिअरिंगला मदत करते ती विजेची मोटर. ती मदत कमी पडली तर स्टिअरिंग जड होतं, सैल नाही. ईव्ही घेतलेल्यांनी एवढं लक्षात ठेवलं तर नको ते खर्च टळतील.

शेवटी ओळखीतल्या एका वयस्कर मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी आधी पुढच्या टायरवरून तळहात फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखी धार लागत होती. जेमतेम ९०० किलोमीटर चाललेल्या टायरवर! “टो बिघडलाय,” ते म्हणाले. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली दिसतात ते. गाडी रॅम्पवर घेतली, चाकं जमिनीसारखीच टेकलेली. मला आत बसवून गाडी ‘रेडी’मध्ये, म्हणजे चालू, ठेवायला सांगितली. “ताई, स्टिअरिंग थोडं-थोडं हलवा, डावं-उजवं, भराभर.” ते खाली टाय रॉडवर, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्यावर, बोटं ठेवून उभे. चार-पाच वेळा हलवल्यावर हाक आली, “थांबा, सापडलं.”

डाव्या टाय रॉडचा चेकनट, म्हणजे रॉड जागेवर घट्ट धरणारा नट, हाताने फिरत होता. अलाइनमेंट करताना तो सैल करून टो जुळवतात आणि मग पुन्हा आवळतात. आवळायचं राहून गेलं होतं. आट्यांमध्ये जेवढी फट, तेवढा स्टिअरिंगचा खेळ. वर रॉड हळूहळू फिरून टोही हलत गेला. असंच चालवत राहिले असते तर आटे खराब झाले असते, आणि मग त्या चाकावर ताबा राहिला नसता. आटे शाबूत आहेत ना, हे काकांनी पाहिलं, नव्याने टो जुळवला, नट आवळला आणि नट व रॉड दोन्हींवरून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट हलला असं समजायचं. माझ्याकडून घेतले फक्त ७०० रुपये.

त्याच दिवसापासून स्टिअरिंग ताठ आहे. पहिल्या दुकानात जाऊन मी हे सगळं शांतपणे सांगितलं, त्यांनी अलाइनमेंटचे पैसे परत केले.

आता टायर. सुरुवातीला फुल चार्जमध्ये वीसेक किलोमीटर कमी मिळत होते. टो सुधारल्यावर त्यातले निम्मे परत आले. उरलेला फरक रबराचा असावा, जुने टायर कमी घर्षणाचे होते. पावसाळ्यात पसरणी घाटात पकड उत्तम, जुन्यांपेक्षा नक्कीच चांगली. काँक्रीटवर आवाज जरा जास्त, बंद गाडीत तो जाणवतो. घेताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नाही एवढं मात्र पाहून घ्या. बॅटरीसकट ही गाडी सुमारे १,४०० किलोची आहे. गाडी उचलताना जॅक ठरलेल्या जागीच लावायला सांगा, बॅटरीच्या तळाला नाही.

धार लागणारी ती झीज बरीच सपाट झाली आहे. गेल्या आठवड्यात टायर रोटेशनला गाडी वर घेतली तेव्हा मी स्वतः वाकून पाहिलं. पिवळी रेघ सलग होती.