भंगारातला हँडब्रेक, स्वतः बांधलेली गाडी: आठ महिन्यांनी

हँडब्रेक बसवला त्या दिवशी गाडी शेडमध्ये जागची हलली नाही, म्हणून मी खूश. पण सपाट जागेवर चाकाखाली वीट ठेवली तरी गाडी हलत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

लिव्हर एका छोट्या हॅचबॅकचा, मागचे डिस्क कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरणारे चिमटे) दुसऱ्याच गाडीचे. दोन्ही भंगारातले, दोन्ही ठणठणीत, पण एकमेकांचे नव्हेत. लिव्हरच्या मूळ गाडीला मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक होते. तो पूर्ण ओढला की केबल 32 मिलिमीटर खेचली जायची आणि माझ्या कॅलिपरना, केबलचं आउटर, म्हणजे बाहेरचं कवच, दबतं ते धरून, 38 तरी लागायचे. लिव्हर शेवटच्या दातावर आणि पॅड डिस्कला नुसते टेकलेले!

तीन आठवडे मी केबलच घट्ट करत बसलो. त्याने गाडी धरायला लागली खरी, पण हँडब्रेक सोडल्यावरही कॅलिपरवरची, केबल ओढते ती दांडी स्टॉपपर्यंत मागे येईना. पॅड झिजतील तशी फट आपोआप भरून काढायची सोय या कॅलिपरमध्ये असते, ती दांडी पूर्ण मागे आल्याशिवाय चालत नाही. वर पॅड घासत राहिले ते वेगळंच. एकदा फिरून आलो तर उजव्या चाकाला हात लावता येत नव्हता.

शेवटी टनेलखाली (गाडीच्या तळाच्या मधोमध असतो तो उंचवटा) मधला एक लिव्हर बनवून बसवला, एक बाजू 40 मिलिमीटर, दुसरी 50. म्हणजे 32 चे 40 झाले. अर्थात केबलवरचा जोर पाचव्या हिश्श्याने कमी झाला, तो आता माझ्या मनगटातून जातो. लिव्हरच्या सहाव्या दातावर गाडी धरते. दुसऱ्या कुणाला चालवायला देताना मी आधीच बजावतो, अर्धवट ओढून उतरू नका.

पुन्हा करायचं झालं तर लिव्हर, इक्वलायझर (दोन्ही चाकांच्या केबलना सारखा ताण वाटून देणारा भाग), कॅलिपर सगळं एकाच गाडीतून काढेन. केबल मात्र नवी. जुनीचा रबरी बूट फाटलेला होता, पाणी आत गेलं आणि चौथ्या महिन्यात केबल आउटरमध्येच गंजून अडकली. ब्रेक लागला तो सुटेचना. चाकाखाली आडवा पडून पान्याने दांडी मागे ढकलली तेव्हा गाडी हलली.

आणखी एक. लिव्हर सुरुवातीला टनेलच्या पत्र्यावर थेट बोल्टने आवळला होता. मित्राला ओढायला सांगून खालून पाहिलं, तर प्रत्येक ओढीला पत्रा श्वास घेतल्यासारखा फुगत होता. खालून 3 मिलिमीटरची प्लेट लावल्यावर लिव्हरचे दोन दात वाचले. ही तपासणी पहिल्याच दिवशी करायची, मी दोन महिन्यांनी केली.

इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या वाटेला गेलो नाही. मोटर मिळते, पण तिला हुकूम देणारं मॉड्यूल मूळ गाडीच्या बाकीच्या यंत्रणेशी बोलायला मागतं.

एक सवय या आठ महिन्यांत लागली. घाट उतरून आल्या आल्या चढावर गाडी लावली होती. तापलेल्या डिस्क आणि पॅड निवताना आक्रसले, पकड ढिली झाली आणि गाडी बोटभर मागे सरकली. गिअरमध्ये होती म्हणून तेवढ्यावर थांबली. आता गिअर टाकतो, उतरतो आणि दहा मिनिटांनी परत येऊन हँडब्रेक आणखी एक दात ओढतो. शेजारी हसतात.